वारा जास्त, नदी भरती-ओहोटीची आणि हातात फक्त शनिवार-रविवार: आधी रविवारचं गणित करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की 24 फुटी फिन कीलची (तळाला एकच अरुंद, खोल पातं असलेली) शिडाची बोट, ड्राफ्ट (बोट पाण्याखाली जाते ती खोली) सव्वा मीटर, तिघं जण आणि त्यातला एक पहिल्यांदाच बोटीवर येणार. नदीच्या मुखापासून साधारण 12 सागरी मैल वर जायचं, शनिवारी रात्री तिथेच नांगर टाकून झोपायचं, रविवारी परत. फोरकास्ट दोन्ही दिवस नैऋत्येचा 17 ते 21 नॉट (तासाला सागरी मैल), झोत 28 पर्यंत, आणि नदीचं मुख नैऋत्येलाच उघडतं. जावं का, आणि गेलो तर कसं?

जाता येईल. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात सगळा विचार शनिवारचा दिसतोय, किती वाजता निघू, कुठे पोचू, वर गेल्यावर नांगर कुठे टाकू वगैरे. शनिवार सोपाच जाणार आहे हो, वारा पाठीवर, भरतीचं पाणी सोबत, बोट नुसती धावेल आणि तिघंही म्हणाल की फोरकास्टवाले उगाच घाबरवतात. अडचण रविवारची आहे. म्हणून प्लॅन उलटा करायचा, आधी रविवारी परत कसं आणि किती वाजता यायचं ते कागदावर मांडायचं, ते जमत असेल तरच शनिवारी निघायचं.

आता हे का म्हणतो ते आकड्यात सांगतो, कारण नुसतं वारा जास्त आहे म्हटलं की कोणाला काही वाटत नाही. समजा खरा वारा 19 नॉट आहे. शनिवारी भरतीचं पाणी 2 नॉटने वर चाललंय, म्हणजे वारा आणि पाणी एकाच दिशेने, तर पाण्याच्या हिशेबाने वारा उरला 17. तुमची बोट त्या पाण्यातून अजून 5 नॉटने पळतेय, म्हणजे कॉकपिटमध्ये बसून अंगाला लागणारा वारा साधारण 12. मस्त वाटणार. रविवारी तोच 19 नॉट, पण ओहोटीचं पाणी 2 नॉटने वाऱ्याच्या तोंडावर चाललंय, म्हणजे पाण्याच्या हिशेबाने वारा 21, आणि तुम्ही 5 नॉटने त्याच्यावर टॅक मारत (वाऱ्याच्या तोंडावर नागमोडी वळणं घेत) जाताय, तर शिडाला लागणारा वारा होतो जवळपास 25. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो, त्यामुळे 12 चे 25 झाले की दाब दुप्पट नाही, चौपटीच्या वर जातो. फोरकास्ट तेच, नदी तीच, बोट तीच! आणि हे सरासरी वाऱ्याचं झालं, झोत अजून वेगळे.

वर लाटा. वारा आणि पाणी एका दिशेने असले की लाटा लांब आणि चपट्या राहतात. पाणी वाऱ्याच्या विरुद्ध वळलं की त्याच लाटा आखूड, उभ्या आणि जवळजवळ होतात, पाणी वळल्यावर तासाभरात चित्र पालटतं, आणि छोट्या बोटीला उंच लाटेपेक्षा आखूड लाट जास्त छळते कारण नाळ (बोटीचं पुढचं टोक) एका लाटेवरून उतरते तोवर दुसरी समोर उभी. बोटीचा वेग मरतो, वेग मेला की टॅक नीट होत नाही, टॅक अर्धवट राहिला की बोट मधेच अडकून उलटी सरकायला लागते, अरुंद पात्रात नेमकं तेच नको असतं.

मग कोणी म्हणेल की रविवारी भरतीवरच परत या, पाणी सपाट मिळेल. सपाट मिळेल, पण पोचणार नाही. तुमच्यासारखी बोट वाऱ्याच्या तोंडावर टॅक मारत गेली तर सरळ रेषेत वाऱ्याकडे फार तर 3 नॉट कमावते. ओहोटी 2 नॉटची सोबत असेल तर जमिनीवरून 5, भरती 2 नॉटची विरोधात असेल तर 1. म्हणजे 12 मैलांना अडीच तास की बारा तास, हा फरक आहे. तेव्हा ओहोटी तर हवीच, पण ओहोटीचा कुठला तास कुठल्या पट्ट्यात वापरायचा, हीच रविवारची खरी मेख.

इथे थोडं टाइमटेबल. अर्धदैनिक, म्हणजे दिवसातून दोनदा, भरती असलेल्या जागी दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं असतात, म्हणून शनिवारी मुखाशी पूर्ण भरती 11:00 ला असेल तर रविवारी ती 11:50 च्या आसपास. पण ही मुखाजवळची वेळ. 12 मैल वर पूर्ण भरती उशिरा येते, किती उशिरा ते त्या त्या नदीच्या तक्त्यात दिलेलं असतं, आपण उदाहरणाला 45 मिनिटं धरू. याचा एक परिणाम नवीन लोकांच्या लक्षातच येत नाही. वर जाताना तुम्ही भरतीबरोबर चालता, ती पुढे पुढे सरकत असते, म्हणून तुम्हाला तिचा फायदा जास्त वेळ मिळतो. खाली येताना उलट, ओहोटी मुखाशी आधी संपते आणि पुढची भरती तुम्हाला समोरून भेटायला येते, म्हणून खाली यायला मिळणारे तास कागदावर दिसतात त्यापेक्षा कमीच. शिवाय पाण्याची पातळी उतरायला लागणं आणि प्रवाह वळणं या दोन गोष्टी एकाच मिनिटाला होत नाहीत, मधल्या पात्रात पातळी उतरायला लागली तरी पाणी थोडा वेळ वरच चाललेलं असू शकतं. काठाजवळ आधी वळतं, मधे नंतर. बोयाच्या (नांगरलेल्या तरंगत्या खुणेच्या) मागे पाण्याची शेपटी कुठे पडतेय ते बघा, ती खोटं बोलत नाही.

पातळीचा साधा ठोकताळा बाराव्या हिश्श्यांचा, पहिल्या तासात एकूण चढ-उताराचा 1 हिस्सा, मग 2, 3, 3, 2, 1. चार मीटरचा चढ-उतार असेल तर मधल्या दोन तासांत तासाला एक एक मीटर पाणी जातं, म्हणजे तुमचा अख्खा ड्राफ्ट सव्वा तासात. पण हा ठोकताळा मुखाशी बरा, वर नदीत गेल्यावर तो बिघडतो, कारण वर भरती कमी वेळात आणि जोरात येते आणि ओहोटी रेंगाळत जाते. वरच्या भागात पाऊस झाला असेल तर अजूनच बिघडतो, ओहोटीला जोर चढतो आणि भरती दबते. हवेचा दाबही बघा, दाब 1 हेक्टोपास्कल वाढला की पाणी साधारण 1 सेंटीमीटर खाली, आणि जमिनीकडून समुद्राकडे दोन दिवस जोरात वारा वाहिला की तक्त्यात लिहिलेलं पाणी प्रत्यक्षात येतच नाही. तुमच्या केसमध्ये वारा आत येतोय, म्हणजे पाणी थोडं जास्तच मिळेल, तो एक फायदा.

तर रविवारी काय करायचं. वरच्या ठिकाणी पूर्ण भरती 12:35 च्या सुमारास. तुम्ही निघा साडेअकरालाच. वरचा भाग बहुतेक नद्यांत अरुंद, वळणांचा, झाडी आणि उंच काठांच्या आडोशाचा असतो, तिथे भरतीचा शेवटचा तास म्हणजे प्रवाह मरत आलेला, तो इंजिनावर किंवा इंजिन आणि मेनसेल (मुख्य शीड) दोन्हीवर कापून काढा. असं केलं की खालच्या उघड्या, रुंद पट्ट्यात, जिथे वाऱ्याला मैलभर मोकळं पाणी मिळतं, तिथे तुम्ही ओहोटीच्या सुरुवातीला पोचता, जोर चढायच्या आत. पोचायला दोन तास उशीर केला तर तोच पट्टा तिसऱ्या-चौथ्या तासात पडेल, तेव्हा ओहोटी पूर्ण जोरात आणि लाटा सगळ्यात वाईट. लोक नेमकं हेच करतात, सकाळी निवांत उठतात, जेवणं उरकतात आणि ओहोटी चांगली लागू दे मग निघू म्हणतात. आडोशात बसून ते बरोबरही वाटतं.

मुखाशी वाळूचा पट्टा असेल आणि बाहेरून समुद्राच्या लाटा आत येत असतील तर तिथे अजून कडक राहा. उतरणारं पाणी आणि आत येणारी लाट उथळ जागी भेटली की लाटा फुटतात, आणि बाहेरून आत येताना त्या फुटताना दिसत नाहीत, फक्त पाठी दिसतात. तुमचं बोट ठेवायचं ठिकाण त्या पट्ट्याच्या आत असेल तर प्रश्नच नाही. बाहेर असेल तर या वाऱ्यात, ओहोटीवर, मी ओलांडणार नाही. आत थांबेन आणि पुढच्या भरतीच्या शेवटी बाहेर पडेन, सोमवारी सुट्टी टाकावी लागली तरी.

उधाण आहे की भांग (सगळ्यात मोठी भरती-ओहोटी की सगळ्यात छोटी) तेही बघा. अमावास्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी उधाणाचा जोर सगळ्यात जास्त असतो आणि तेव्हा प्रवाहही भांगाच्या मानाने बराच वेगळा, कित्येक ठिकाणी जवळपास दुप्पट. या वाऱ्यात भांग असेल तर जा म्हणेन. उधाण असेल तर अर्ध्या वाटेवरच रात्र काढायचा पर्याय आधी शोधून ठेवा.

रुतण्याबद्दल विचारलंय तुम्ही, की नदीत बोट बसणारच का. भरतीवर बसली तर फारसं काही नाही, थांबा, शिडं सोडा, पाणी उचलून देईल (वारा तुम्हाला अजून वर गाळावर ढकलत नाही एवढं बघा, लागलं तर खोल पाण्याच्या बाजूला छोटा नांगर नेऊन टाका). ओहोटीवर बसली तर मात्र पहिली दोन-तीन मिनिटंच तुमची, त्यानंतर पुढचे बरेच तास तुम्ही तिथले रहिवासी. म्हणून चर्चा नको, लगेच शिडं सोडायची, आलात त्या दिशेला नाळ वळवायची, तिघांनीही एका बाजूला जाऊन बोट तिरकी करायची, फिन कील असल्याने तिरकी झाली की ड्राफ्ट कमी होतो, आणि नाळ वळत नसेल तर इंजिन मागे. (दोन कीलच्या बोटीला हे करू नका, ती तिरकी केली की उलट जास्त खोल जाते.) इंजिन मागे घेताना चिखल वर येतो, तो कुलिंगच्या पाण्यातून आत खेचला जातो, म्हणून तापमानावर लक्ष. आणि उधाणाच्या पूर्ण भरतीच्या टोकाला उथळ जागी अजिबात शिरू नका, तिथे बसलात तर पुढच्या भरत्या उतरत्या, बोट सोडवायला दोन आठवडे थांबावं लागू शकतं.

पात्र ओळखायचा साधा नियम म्हणजे वळणाच्या बाहेरच्या काठाला खोल आणि जोराचं पाणी, आतल्या बाजूला गाळ आणि संथ पाणी. टॅक मारताना आतल्या बाजूला हाव करू नका, खोली मोजणारं यंत्र 3 मीटर दाखवायला लागलं की वळा, कारण टॅक फसला तर सावरायला जागा हवी. बोयांच्या बाबतीत एक, जगात दोन पद्धती आहेत, अमेरिका खंड, जपान, कोरिया, फिलिपिन्स इथे आत येताना लाल बोया उजव्या हाताला ठेवतात आणि बाकी बहुतेक जगात डाव्या, आणि खाली येताना अर्थातच सगळं उलटं. हसू नका, दमलेला माणूस रविवारी हमखास गोंधळतो. मोठी जहाजं जात असतील तर शिडाच्या बोटीला मान असतो वगैरे विसरा, 1972 च्या आंतरराष्ट्रीय नियमांत 9 क्रमांकाचा नियम स्पष्ट आहे, अरुंद पात्रात ज्याला फक्त खोल पट्ट्यातूनच जाता येतं त्याच्या वाटेत 20 मीटरपेक्षा लहान बोटीने किंवा शिडाच्या बोटीने यायचं नाही.

नांगरलेल्या किंवा बोयाला बांधलेल्या बोटींच्या प्रवाहाच्या वरच्या बाजूने कधीच जवळून जाऊ नका. वारा पडला, टॅक चुकला, इंजिन बंद पडलं, काहीही झालं की प्रवाह तुम्हाला सरळ त्या बोटीच्या साखळीवर नेऊन आडवं लावतो आणि तिथून सुटणं महाकठीण. मागून जायचं, थोडा वेळ गेला तरी. आणि जागेवर राहतोय की वाहतोय हे कळायला समोरच्या दोन स्थिर वस्तू एका रेषेत धरा, झाड आणि त्यामागचा खांब असं काहीही, रेष मोडली की कळतं प्रवाह कुठे नेतोय.

शिडांचं बोलायचं तर रीफ (शीड थोडं गुंडाळून लहान करणं) जागेवरच घेऊन निघा, शनिवारी गरज वाटणार नाही तरी. एक रीफ नक्की, दुसऱ्याची दोरी ओवून तयार. वाऱ्याबरोबर पळताना किती वारा आहे ते कळतच नाही, वर हिशेब दिलाच आहे, आणि कळतं तेव्हा रीफ घ्यायला नाळ वाऱ्याकडे वळवावी लागते, अरुंद नदीत 12 चे एकदम 20-21 अंगावर येतात आणि सगळे गांगरतात. खरं सांगू, शनिवारी मी मेनसेल लावणारच नाही, नुसत्या जिबवर (पुढच्या छोट्या शिडावर) जाईन. वेग एखादा नॉट कमी, पण बूमच (मेनसेलच्या खालचा आडवा दांडा) मधे नाही तर अचानक जाइब होऊन (पाठीवरच्या वाऱ्यात शीड झटक्याने दुसऱ्या बाजूला जाऊन) कोणाच्या डोक्यात बसायचाही प्रश्न नाही. नदीत प्रत्येक वळणाला वाऱ्याचा कोन बदलतो, काठावरून वारा वाकून येतो, त्यामुळे पाठीवरचा वारा कधी दुसऱ्या बाजूने शिडामागे शिरेल सांगता येत नाही. मेन लावलाच तर बूमला पुढून दोरी बांधा, आणि जाइब करायचाच झाला आणि वारा जास्त असेल तर सरळ गोल फिरून टॅक मारून या, त्यात कमीपणा काही नाही, फक्त जागा आहे ना ते बघा.

रात्रीचा नांगर. खोली मोजताना पूर्ण भरतीची खोली धरा आणि त्यात नाळेची पाण्यापासूनची उंची मिळवा, तुम्ही 4 मीटरमध्ये संध्याकाळी टाकलात आणि रात्री अजून 3 मीटर चढणार असेल तर हिशेब 8 मीटरचा. सगळी साखळी असेल तर किमान चौपट, दोरी-साखळी मिश्र असेल तर सहा-सातपट, आणि या वाऱ्यात अजून थोडी. ओहोटीच्या शेवटी कीलखाली किती उरेल तेही आत्ताच मोजा. मग येते मजा, रात्री पाणी वळतं. वारा नैऋत्येचा, भरतीत पाणीही तिकडूनच, बोट दोघांच्या तोंडावर शांत उभी. ओहोटी लागली की पाणी म्हणतं मागे फिर, वारा म्हणतो नको, आणि बोट आडवी-तिडवी होऊन स्वतःच्या साखळीवर चढते, कील घासतं, आवाज येतात, झोपेचं खोबरं. म्हणून जागा निवडताना आडोसा वाऱ्यापासून घ्या, वारा कमी असला की बोट प्रवाहाचं मुकाट ऐकते. शेजारच्या बोटींपासून अंतर ठेवा कारण जड बोट प्रवाहाने फिरते आणि हलकी वाऱ्याने, दोघी एकाच वेळी फिरत नाहीत. पाणी वळायच्या वेळेचा अलार्म लावून एकाने उठून बघायचंच.

बोया पकडणं किंवा धक्क्याला लागणं असेल तर वारा आणि पाणी यात जास्त जोर कोणाचा ते बघून त्याच्या तोंडावर जायचं. दोघं एकाच बाजूने असतील तर मेनवर वर येऊन शीट (शीड ताणायची दोरी) सोडायची, सोपं आहे. विरुद्ध असतील तर मेन आधीच उतरवायचा आणि जिबवर वाऱ्याबरोबर पण प्रवाहाच्या विरुद्ध, हळूहळू बोयाकडे यायचं. मेन वर ठेवून हे करायला गेलात तर बोया हातात येतो आणि बोट थांबत नाही.

इंजिनाचं एकच, टाकीच्या तळाचा गाळ खवळलेल्या पाण्यात ढवळून वर येतो आणि फिल्टर तुंबतो, म्हणजे ज्या दिवशी इंजिन लागणार त्याच दिवशी ते बंद पडायची शक्यता जास्त. फिल्टर निघण्याआधी बदला, एक जादा जवळ ठेवा, आणि नदीत असेपर्यंत नांगर कायम सोडायला तयार, त्यावर पिशव्या-जॅकेटं रचून ठेवू नका.

लाइफजॅकेट तिघांनीही पूर्ण वेळ. छोट्या होडीतून काठावर जाताना तर जास्तच, लोक मोठ्या बोटीवर शहाण्यासारखे वागतात आणि मग अंधारात, दमलेले, तिघं एका एवढ्याशा होडीत दाटीवाटीने बसून प्रवाहात वल्हवायला लागतात. आउटबोर्डची बंद करायची दोरी मनगटाला किंवा पायाला. माणूस पाण्यात पडला तर तो आणि तुमची बोट एकाच प्रवाहात वाहताय, त्यामुळे मोकळ्या पाण्यात वळून त्याच्यापर्यंत जाणं जमतं. धोका असतो तो प्रवाहाच्या खालच्या बाजूला नांगरलेल्या बोटी, खांब, धक्के असतील तर, माणूस त्यांच्याखाली ओढला जातो. तेव्हा नजर माणसावर आणि दुसऱ्या एकाची नजर पुढे काय आहे त्यावर.

माझी स्वतःची रेष विचाराल तर, तीन जणांत एक नवखा, 24 फूट, उधाण नाही, फोरकास्ट हेच, तर जाईन. शनिवारी सकाळच्या फोरकास्टमध्ये रविवारचा सरासरी वारा 22 च्या वर दिसला, म्हणजे वाऱ्याच्या बोफर्ट मापात 6 मध्ये गेला, तर वर जाणार नाही, मुखाजवळच्या आडोशात दोन-चार तास शिडं लावून घरी. आणि रविवारी सकाळी वर असताना वारा वाढला तर बोट तिथेच ठेवून गाडीने परत यायचं, हे तिघांनी आधीच ठरवून ठेवा, कारण तिथे बसून ठरवायला गेलं की ज्याला सोमवारी ऑफिस आहे तोच जिंकतो.

राहिला तो पहिल्यांदा येणारा मित्र. सगळे काय करतात, शनिवारी वारा पाठीवर, सगळं शांत, म्हणून त्याच्या हातात सुकाणू देतात आणि रविवारी कठीण आहे म्हणून काढून घेतात. उलट करा. वाऱ्याबरोबर जाताना सुकाणूवर जरा चूक झाली की जाइब होतो, तिथे अनुभवी माणूस हवा. वाऱ्याच्या तोंडावर जाताना चूक झाली तर फार तर शीड फडफडतं आणि बोट उभी राहते, तो भिजेल पण शिकेल, आणि ज्याच्या हातात सुकाणू असतं त्याला उलटीही कमी येते. फक्त पात्राच्या मधे पाणी मोकळं असेल तेव्हाच द्या, काठ जवळ आला की टॅकची हाक तुम्ही द्यायची.